निरोप्या घडवायचा तर

मच्छेच्या ज्ञानसंगम आवारात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाखाली राज्यभरातली अभियांत्रिकी महाविद्यालये येतात आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तिथे कुणाला चुकत नाही. संगणक शाखेच्या मुलांचा एक आवडता विषय म्हणजे चॅटिंगचा प्रोग्रॅम. इकडे टाइप केले की तिकडे उमटते, घरच्यांना दाखवायलाही सोपे. पण मोबाईलवर हे फुकट मिळत असताना पोरगा चार महिने करतो तरी काय, असा प्रश्न आई-वडिलांना पडतो. तो रास्तच आहे. तयार प्रोजेक्ट विकत मिळतात हे आता घराघरांत ठाऊक आहे, आणि ‘सगळे लायब्ररीतून घेतले’ असे पोरगा म्हणाला की संशय आणखी बळावतो.

वाचकहो, लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांची खोली नव्हे. उद्यमबागेत किंवा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत यंत्र बनवणारा कारखानदार बेअरिंग स्वतः घडवत बसत नाही. ते बाजारातून आणतो, शाफ्ट आणि बॉडी मात्र आपल्या मापाने करतो. प्रोग्रॅमिंगमधली लायब्ररी हा असा आयत्या, पारखलेल्या भागांचा संच असतो. तो वापरणे ही चोरी नाही. बेअरिंग कुठे बसते आणि का बसते हे सांगता आले नाही, तर मात्र यंत्र आपले म्हणता येत नाही.

उदाहरण घेऊ. जानेवारी १९९९ मध्ये जेरेमी मिलर या अमेरिकन तरुणाने जॅबर नावाची निरोपपद्धत जाहीर केली. पुढे तिला एक्सएमपीपी हे नाव मिळाले आणि २००४ साली तिचे नियम इंटरनेटच्या मानक संस्थेने प्रसिद्ध केले. पत्ता ई-मेलसारखा, आधी माणसाचे नाव, मग सर्व्हरचे. एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला निरोप धाडू शकतो. टपालासारखेच हे. मच्छेत पेटीत टाकलेले पत्र पुण्यात दुसरे पोस्ट पोचवते, दोघांचे पोस्ट एकच असावे लागत नाही.

या पद्धतीसाठी जावा भाषेत स्मॅक नावाची मोफत लायब्ररी आहे. सर्व्हरशी जोडणी, संभाषण सांकेतिक करणे, पासवर्डची तपासणी, मित्रांची यादी, कोण हजर आणि कोण नाही, हे सारे ती सांभाळते. आपण खाते सांगायचे, जोडायचे, आलेला निरोप कुठे द्यायचा ते कळवायचे आणि धाडायचा निरोप तिच्या हाती द्यायचा. शंभरेक ओळींत पहिला ‘नमस्कार’ पलीकडे उमटतो. पोरगा त्या रात्री झोपत नाही.

खरे काम दुसऱ्या दिवशी सुरू होते. निरोप केव्हाही येतो, म्हणून लायब्ररी त्याची वाट वेगळ्या धाग्यावर पाहत असते. त्या धाग्यावरून थेट पडद्यावर लिहायला गेले की खिडकी कधी गोठते, कधी अर्धवट रंगते. निरोप पडद्याच्या स्वतःच्या धाग्याकडे सोपवावा लागतो. मग लाइट जाते. नेट तुटले, निरोप निघाला होता की नाही? पोचपावतीची सोय नियमांत आहे, पण ती मागून घ्यावी लागते. प्रोजेक्टच्या दिवशी दोन्ही संगणक एकाच टेबलावर असतात, त्यामुळे हा प्रश्न परीक्षकाने विचारला तरच निघतो. विचारायला हवा.

आपल्या भागातल्या मुलांना आणखी एक गोष्ट कळायला हवी. ‘मच्छे’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा. संगणकाच्या लेखी तो म, च, हलन्त, छ आणि मात्रा अशा पाच खुणांचा, आणि यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत प्रत्येक देवनागरी खुणेला तीन बाइट लागतात. म्हणजे पंधरा बाइट. कुणी घाईत निरोप दहाव्या बाइटला तोडला, तर ‘छ’चा लचका निघतो आणि पलीकडे ‘मच्’ व पुढे चौकोन दिसतो. इंग्रजीत ‘हॅलो’ धाडून चाचणी घेणाऱ्याला हा दोष आयुष्यात सापडणार नाही. एक्सएमपीपीत यूटीएफ-८ सक्तीचेच आहे, त्यामुळे मराठी आणि कन्नड एकाच निरोपात शेजारी बसून जातात. पाट्यांवर जमो न जमो, तारेवर जमते.

आता लायब्ररीच्या निवडीबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे. पिजिन नावाचा प्रोग्रॅम एकाच खिडकीत याहू, एमएसएन, जॅबर सगळे चालवायचा. २००७ पर्यंत त्याचे नाव गेम होते. त्याच्या पोटातली लिबपर्पल ही लायब्ररी कुणालाही वापरता येते, आणि ‘नलक्लायंट’ नावाचा छोटा नमुनाही सोबत येतो. तो शिकणाऱ्याने ओळीओळीने वाचावा. पण याहू आणि एमएसएनचे नियम त्या कंपन्यांच्या तिजोरीत. लिबपर्पलवाल्यांनी ते बाहेरून निरखून उतरवले होते. कंपनीने कुलूप बदलले की किल्ली निकामी. २०१७ साली या दोन्ही सेवा पिजिनमधून काढाव्या लागल्या आणि १७ जुलै २०१८ रोजी याहू मेसेंजरच बंद झाला. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून दुबई-मस्कतच्या माणसांशी ज्यांनी त्यावर गप्पा मारल्या, त्यांना त्याची टिंगटिंग आठवत असेल.

उघड्या पद्धतीलाही दृष्ट लागते. २००५ साली आलेले गूगल टॉक एक्सएमपीपीवर चाले आणि २००६ पासून बाहेरच्या सर्व्हरशीही बोले. २०१३ मध्ये गूगलने हँगआउट्स आणले आणि तो शेजार आटत गेला. व्हॉट्सअॅपने सुरुवात केली ती इजॅबर्डी या मोफत एक्सएमपीपी सर्व्हरवर, पण स्वतःचे दार बाहेरच्यांना बंद ठेवून. २०१५ साली व्हॉट्सअॅप प्लस हा परका प्रोग्रॅम वापरणाऱ्यांची खाती त्यांनी चोवीस तास गोठवली होती. युरोपीय संघाला २०२२ मध्ये कायदा करून मोठ्या कंपन्यांना हे दार उघडायला सांगावे लागले. म्हणून व्हॉट्सअॅपसाठी कुणी बनवलेली चोरवाटेची लायब्ररी प्रोजेक्टला घेऊ नये. सादरीकरणाच्या आदल्या रात्री खाते बंद पडले, तर तक्रार कुणाकडे करणार?

घरात जुना संगणक पडून असेल तर त्यावर लिनक्स आणि इजॅबर्डी बसवता येते, पैसे पडत नाहीत. घरातल्या चौघांची खाती उघडावीत. मग पोराने आपल्या प्रोग्रॅममधून आधी आईला मराठीत लांबलचक निरोप धाडावा, जोडाक्षरे भरपूर घालून. पोचता पोचता नेटची वायर काढावी आणि परत लावावी. आईच्या पडद्यावर निरोप एकदाच आणि पुरता आला, तर पोराने चार महिने काय केले ते तिला दिसेल.