क्षमायाचनेच्या वाटेवरचा सोबती

निवासी शाळेतील मैत्री आपण निवडलेली नसते. ती वाट्याला येते. पहाटेची घंटा, एकाच पंगतीतील ताटे, शेजारी शेजारी अंथरलेली अंथरुणे आणि गावाकडून आलेल्या डब्याची वाटणी यांतून ती नकळत घडत जाते. म्हणून पुढे अशी मैत्री तुटते, तेव्हा मित्राबरोबर आपल्या बालपणाचा एक साक्षीदारही दुरावतो. तुटण्याची कारणे बहुधा साधीच असतात : उसने दिलेले पैसे, लग्नात राहून गेलेले आमंत्रण, निवडणुकीतील गट किंवा चारचौघांत उच्चारलेला एखादा बोचरा शब्द.

काही दुरावे मात्र तत्त्वाचे असतात. गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक यांनी १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर दोघांचे मार्ग वेगळे झाले. आगरकरांनी ‘केसरी’ सोडून १८८८ साली ‘सुधारक’ काढला. टिळक १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. दोघांच्या लेखण्या परस्परांवर चालल्या. १७ जून १८९५ रोजी आगरकरांचे निधन झाले, तेव्हा त्यांना ३९ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्यावरील मृत्युलेख ‘केसरी’त टिळकांनी लिहिला. त्या वादात आगरकरांची बाजू आज आपणांस अधिक जवळची वाटते आणि तिच्यात तडजोड व्हायला हवी होती, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु मृत्युलेख कितीही हृदयापासून लिहिला, तरी ज्याच्याविषयी लिहिला त्याला तो वाचता येत नाही. आपल्याकडे पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात हार घातलेल्या छायाचित्रासमोर काढलेल्या उद्गारांचेही तसेच आहे.

हे सर्वांना कळते. तरीही पाऊल का उचलले जात नाही? याचे उत्तर विनयपिटकातील चुल्लवग्गात एका प्रसंगातून मिळते. मच्छिकासंड येथे चित्त गृहपती राहत असे. कोणत्याही भिक्षूंना भोजनाचे निमंत्रण देण्यापूर्वी तो तेथील निवासी भिक्षू सुधम्म यांना विचारीत असे. एकदा सारिपुत्त, मोग्गल्लान आदी थोर भिक्षू तेथे आले आणि चित्ताने सुधम्मांना न विचारताच त्यांना निमंत्रण दिले. दुखावलेल्या सुधम्मांनी भोजनाची तयारी पाहून, यात तिळाचे पदार्थ तेवढे राहिले, असे म्हणत चित्ताच्या कुळाला टोमणा मारला.

प्रकरण भगवंतांपुढे गेले. चित्ताने मोठ्या मनाने विसरून जावे, असे भगवंतांनी सांगितले नाही. ज्याने दुखावले, त्याने जाऊन क्षमा मागावी, असे ठरले. चीवरधारी भिक्षूने गृहस्थापुढे नमावे, असा तो निर्णय होता. सुधम्म मच्छिकासंडला गेलेही. परंतु तेथे पोहोचल्यावर संकोचाने त्यांची जीभ उचलेना. क्षमा न मागताच ते परत आले. तेव्हा त्यांच्याबरोबर एक सोबती द्यावा, असे भगवंतांनी सांगितले. त्याला ‘अनुदूत’ म्हणतात. क्षमा सुधम्मांनी स्वतःच मागायची होती. गृहपतीचे मन वळले नाही, तरच अनुदूताने त्यांच्यासाठी शब्द टाकायचा होता.

या प्रसंगात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली स्वाभिमानाची. कुळावरून, जातीवरून वा गरिबीवरून ज्याचा अपमान झाला, त्याच्यावरच सलोख्याचे ओझे टाकणे हा दुसरा अपमान होय. पहिले पाऊल दुखावणाऱ्याचे असले पाहिजे. दुसरी गोष्ट मनुष्यस्वभावाची. संकोच हा दुष्टपणा नव्हे. अनेकांना क्षमा मागावीशी वाटते. परंतु मित्राच्या दारापर्यंतचे शेवटचे दहा पावलांचे अंतर एकट्याने ओलांडवत नाही. विनयाने हा दुबळेपणा ओळखला आणि त्यावर उपाय दिला.

माजी विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीत न बोलणाऱ्या दोघांची एखादी जोडी असतेच आणि ती कोणती, हे उरलेल्यांना ठाऊक असते. स्नेहसंमेलनात त्यांच्या खुर्च्या दूर मांडण्याची काळजी आपण घेतो. त्याऐवजी आपल्यापैकी कोणीतरी अनुदूत व्हावे. अनुदूताने न्यायनिवाडा करू नये, जुने हिशेब उकरू नयेत, इकडचे तिकडे सांगू नये. ज्याला क्षमा मागायची आहे, त्याच्याबरोबर जावे, दार वाजवावे आणि त्याला बोलू द्यावे. समोरच्याने नकार दिला, तर त्याचाही मान राखावा. मैत्री पूर्वीसारखी होईलच असे नाही. निदान मनातले शब्द जिवंत माणसापर्यंत पोहोचतील.

ही स्मरणिका चाळताना एखाद्या जुन्या छायाचित्रात आपल्या शेजारी उभा असलेला तो चेहरा दिसेल. त्याच्या घराचा पत्ता बहुधा कोणा वर्गमित्राकडे असतो. तो विचारून घ्यावा, आणि त्यालाच म्हणावे, “माझ्याबरोबर येतोस का?”