ढिल्या स्क्रूची कैफियत

मी ढिल्या स्क्रूच्या पक्षाचा माणूस आहे. हे वाक्य सौ.ला वाचून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "हे सांगायला लेख कशाला हवा? सगळ्यांना ठाऊक आहे." तिचा रोख माझ्या डोक्याकडे होता. माझा रोख मात्र आमच्या मागच्या चौकावरच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याकडे आहे.

चौकात उजेड हवा आणि पाऊस नको, अशी आमची माफक अपेक्षा. म्हणून पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक पत्रे आणले. दुकानदार म्हणाला, "साहेब, हातोडा मारून बघा." मी बघितला. पत्र्याला काही झालं नाही, हातोडा मात्र माझ्या अंगठ्यावर आला. जानेवारीतल्या एका गार सकाळी मिस्त्रीने पत्रे चढवले आणि मी खाली उभा राहून ओरडत होतो, "आवळा! अजून आवळा!"

आपल्याकडे घट्ट म्हणजे चांगलं, हा सिद्धांत बरणीच्या झाकणापासून मुलांच्या वेळापत्रकापर्यंत सगळीकडे चालतो. मिस्त्रीनेही तो पाळला.

एप्रिलमध्ये पत्रे बोलू लागले. सकाळी ऊन चढलं की 'कट्ट', संध्याकाळी ऊन उतरलं की 'ताड'. आई म्हणाली, मांजर असेल. शेजारचे काका म्हणाले, वास्तुशांत राहिलीय का? मे महिन्यात पत्र्याला पापडासारखा फुगवटा आला. जूनच्या पहिल्याच सरीत एकेका स्क्रूच्या भोकातून निघालेल्या चिरांमधून पाणी थेट गव्हाच्या कोठीवर. मी सिलिकॉन भरलं. पुढच्या वर्षी चिरा सिलिकॉनला वळसा घालून पुढे गेल्या.

मग मिस्त्रीने एका पोराला वर पाठवलं. तो दोन पावलं चालला आणि चिरलेल्या पत्र्यातून त्याचा पाय मांडीपर्यंत खाली आला. अँगल हाताशी सापडला म्हणून पोरगा वाचला. खाली फरशी होती आणि फरशीवर मी. तो हसत होता. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. त्या स्क्रूंवर "अजून आवळा" म्हणणारा आवाज माझाच होता.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारे कारागीर आले. त्यांनी मला जे पाच मिनिटांत सांगितलं, ते एवढंच. उन्हात हा पत्रा साठ अंशांपर्यंत तापतो, थंडीच्या पहाटे दहावर येतो. पन्नास अंशांच्या या फरकात दहा फुटांचं पान जवळजवळ एक सेंटीमीटर वाढतं आणि पुन्हा आखडतं. खालचा लोखंडी अँगल तेवढ्याच फरकात जेमतेम दोन मिलिमीटर हलतो. एकाला नाचायचंय, दुसरा ढिम्म, आणि दोघांना आपण खिळवून टाकलेलं! मग पत्रा फुगणार, कुरकुरणार आणि शेवटी भोकापाशी फाटणार.

"मग ढिलं ठेवलं तर गळणार नाही? वाऱ्याने उडणार नाही?" हा प्रश्न मीही विचारला होता. ढिलं ठेवायचं म्हणजे वाऱ्यावर सोडायचं असं नाही. भोक स्क्रूपेक्षा चांगलं ऐसपैस पाडायचं, वर रबराचा रुंद वॉशर घालायचा आणि रबर नीट टेकलं की हात थांबवायचा. वॉशर भोक झाकतो, पत्रा खाली सरकायला मोकळा. शिवाय उन्हापासून वाचवणारा थर असलेली बाजू वर ठेवायची. नाहीतर पत्रा पिवळा पडून ठिसूळ होतो. आणि पत्र्यावर पाय द्यायचा नाही. अँगलपासून अँगलपर्यंत फळी टाकून तिच्यावरून जायचं.

यातलं बरंचसं पत्र्याबरोबर आलेल्या कागदावर छापलेलं होतं. दुकानदाराने तो वाचून दाखवला नाही, मिस्त्रीने त्यावर भजी खाल्ली आणि मी बिल तेवढं जपून ठेवलं. तरीही तिघांनी एकमुखाने निकाल दिला: "प्लॅस्टिकच वाईट!" माझं भांडण या निकालाशी आहे.

आपल्या जुन्या घरांना हे कुणी शिकवलं नव्हतं. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगलोरात ज्या कौलांचा कारखाना काढला, ती कौलं रीपांवर नुसती टेकलेली असतात. मध्ये उजेडासाठी एखादं काचेचं कौल. प्रत्येकाने आपापल्यापुरतं तापावं, आपापल्यापुरतं निवावं; शेजाऱ्याला ताप नाही.

आता नवे पत्रे बसलेत. ते बसवताना मिस्त्रीने वरून हाक दिली, "साहेब, आवळू का अजून?"

मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो, "नको! माझे स्क्रू ढिलेच राहू देत!"

सौ. स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणाली, "झालं. आता लेखाचीसुद्धा गरज नाही."