औषध एक, मापं दोन

आमच्या अनसिंगमध्ये कीटकनाशकाला कीटकनाशक कोणी म्हणत नाही. औषध म्हणतात. सोयाबीनवर औषध मारलं, तुरीला औषध आणायचंय, पऱ्हाटीचं औषध महागलं. आणि 'त्यानं औषध घेतलं' असं कोणी हळू आवाजात सांगितलं, की पुढचं विचारावं लागत नाही. पोटात घ्यायची गोळी आणि पाठीवरच्या पंपातलं विष, दोन्हीला आपण एकच शब्द दिला. डीएनएला इजा आणि कॅन्सरचा धोका मोजताना मात्र दोन्हीला वेगवेगळी मापं लावली जातात. माझं भांडण त्या दुसऱ्या मापाशी आहे.

आधी गोळीचं माप बघा. जुलै २०१८मध्ये रक्तदाबावरच्या व्हालसार्टन या औषधात एनडीएमए नावाची अशुद्धी सापडली. चीनमधल्या एका कारखान्याने उत्पादनाची पद्धत बदलली, त्यातून ती आली होती. एनडीएमए डीएनएला इजा करतं आणि प्राण्यांमध्ये त्याने कॅन्सर होतो, हे आधीपासून ठाऊक होतं. कोणी तडकाफडकी मेलं नव्हतं, तरी अनेक देशांनी गोळ्या परत मागवल्या. पुढे रॅनिटिडीनमध्येही तेच सापडलं. आपल्याकडे सप्टेंबर २०२२मध्ये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून रॅनिटिडीन वगळलं गेलं. औषधांतल्या अशा अशुद्धींसाठी आंतरराष्ट्रीय दंडक आहे: आयुष्यभर रोज पोटात गेली तरी लाखात एकापेक्षा जास्त माणसाला त्यामुळे कॅन्सर होऊ नये. त्या हिशेबाने सर्वसाधारण मर्यादा येते दिवसाला १.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, त्याच्या दीडपट. एनडीएमएला तर त्याहूनही कडक.

आता पंपातलं औषध. त्याच्या चाचण्याच होत नाहीत, असं मी म्हणणार नाही. १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी करताना विषशास्त्राची माहिती द्यावी लागते. पहिली गाळणी म्हणजे एम्स चाचणी. ब्रूस एम्स यांनी १९७०च्या दशकात ती रूढ केली. हिस्टिडीन हे अमिनो आम्ल स्वतः बनवू न शकणारे साल्मोनेला जिवाणू घ्यायचे आणि त्यांच्यावर रसायन टाकायचं. हिस्टिडीनशिवायही ते भराभर वाढू लागले, तर रसायनाने त्यांच्या डीएनएत बदल घडवला असं समजायचं. सोबत उंदराच्या यकृताचा अर्क घालतात, कारण काही रसायनं शरीरात गेल्यावरच घातक होतात. अमेरिकेत मुलांच्या झोपायच्या कपड्यांना आग लागू नये म्हणून वापरलं जाणारं ट्रिस हे रसायन याच चाचणीत पकडलं गेलं आणि १९७७मध्ये त्यावर बंदी आली. त्यानंतर पेशींवरच्या, मग प्राण्यांवरच्या चाचण्या, आणि शेवटी उंदरांवरचा दोन वर्षांचा कॅन्सरचा अभ्यास. शास्त्र पक्कं आहे. वाद आहे तो आपण त्याला काय विचारतो याचा.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे प्रत्येक तुकडा सुटा तपासतात, त्याला युनिट टेस्ट म्हणतात. सगळ्या टेस्ट हिरव्या आल्या म्हणून कोणी घरी जाऊन झोपत नाही. तुकडे एकत्र आले की काय होतं ते तपासतात, आणि लोक वापरायला लागल्यावर दिवसरात्र लॉग बघतात. कीटकनाशकात पहिली पायरी होते, पुढच्या दोन जवळपास गायब. दीर्घकालीन चाचण्या मूळ घटकावर, एकट्यावर होतात. वावरात मात्र एका पंपात कीटकनाशक, बुरशीनाशक, विद्राव्य खत आणि कसलंसं टॉनिक एकत्र जातं. तो काढा प्रयोगशाळेने कधी पाहिलेला नसतो.

हा फरक किरकोळ नाही. ग्लायफोसेटचंच घ्या. मार्च २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते 'बहुधा कर्ककारक' ठरवलं. अमेरिका आणि युरोपच्या नियामकांनी ते मानलं नाही. वादाचं एक मोठं कारण हेच: संस्थेने प्रसिद्ध झालेले अभ्यास आणि बाजारातल्या तयार मिश्रणांवरचे निष्कर्षही धरले; नियामकांचा भर कंपन्यांनी शुद्ध घटकावर केलेल्या, बऱ्याचशा अप्रकाशित चाचण्यांवर होता. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं.

अनसिंगहून पुसदच्या रस्त्याने निघालं की यवतमाळ जिल्हा लागतो. २०१७च्या हंगामात तिथे फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पोचले. सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. का? कारण मरण त्याच आठवड्यात आलं आणि मोजता आलं. डीएनएला झालेली इजा वीस वर्षांनी गाठ होऊन येते. तेव्हा तिला विडी, तंबाखू, नशीब अशी नावं मिळतात, फवारणीचं नाव मिळत नाही.

मिळणार कसं? २०२०च्या राष्ट्रीय कॅन्सर अहवालात देशातली २८ लोकसंख्याधारित नोंदणी केंद्रं आहेत. त्यांत नागपूर आहे, वर्धा आहे, वाशीम नाही. यवतमाळही नाही. मग 'फवारणीने कॅन्सर वाढल्याचा पुरावा नाही' हे वाक्य अगदी खरं आहे. जिथे लॉगच लिहिला जात नाही, तिथे बिघाड सापडत नाही.

खेड्यात हे जमत नाही, असं कोणी सांगू नये. बार्शीत १९८७पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालू आहे, गावोगाव फिरणाऱ्या माणसांच्या जोरावर. वाशीमला २०२४मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. गालाच्या आतल्या पेशी खरवडून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली सूक्ष्मकेंद्रकं मोजायची, ही डीएनएच्या इजेची चाचणी पदव्युत्तर विद्यार्थी करू शकतो. हंगामाआधी आणि हंगामानंतर, फवारणाऱ्याची आणि न फवारणाऱ्याची.

'हातमोजे घाला, लेबल वाचा' हे उत्तर मला नको. ऑगस्टच्या दमटपणात, दुसऱ्याच्या वावरात, रोजंदारीवर पंप उचलणाऱ्याला ते सांगणं म्हणजे जबाबदारी त्याच्या पाठीवर टाकणं. आणि 'सगळ्याच रसायनांनी कॅन्सर होतो' हे व्हॉट्सअ‍ॅपचं उत्तरही नको. ते कंपन्यांच्याच सोयीचं आहे, कारण सगळंच वाईट म्हटलं की कशाचीच चौकशी करावी लागत नाही.

मागणी साधी आहे. नोंदणीसाठी दिलेल्या चाचण्यांचे अहवाल लोकांसमोर ठेवा. वावरात खरोखर वापरली जाणारी मिश्रणं तपासा. वाशीम आणि यवतमाळमध्ये कॅन्सर नोंदणी सुरू करा, आणि तिच्या अर्जात एक रकाना ठेवा: किती वर्षं फवारणी केली? शहरातल्या रक्तदाबाच्या रुग्णासाठी जग मायक्रोग्रॅम मोजतं, ते योग्यच आहे. पंप उचलणाऱ्या मजुरासाठी निदान माणसं तरी मोजा.