डोन्यानाचें पाणी

भूमध्य समुद्राचें नांव काढलें कीं ग्रीस व रोम येथील भग्न देवळें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. तेथील रानांकडे मात्र आपलें लक्ष सहसा जात नाहीं. स्पेन देशाच्या दक्षिणेस, ग्वादलकिव्हीर नदीच्या मुखाशीं, डोन्याना नांवाचा दलदलीचा विस्तीर्ण प्रदेश आहे. वस्तुतः त्याचा किनारा अटलांटिक महासागराचा. परंतु हवापाणी सर्वस्वी भूमध्य प्रदेशाचें. आपल्याकडे जूनमध्यें पाऊस येतो, तर तेथें त्याच सुमारास तो नाहींसा होतो. हिवाळ्यांत दलदल पाण्यानें भरते आणि उन्हाळ्यांत तीच भूमि भेगाळते.

समुद्राकडील वाळूच्या टेकड्या वाऱ्याबरोबर पुढें सरकतात व वाटेंतील पाइन वृक्षांस उभेंच गाडीत जातात. टेकडी पुढें गेली म्हणजे मागें वाळलेले बुंधे उघडे पडतात. ज्यांच्या सालीपासून बाटल्यांचीं बुचें करतात अशा जुनाट ओक वृक्षांवर बगळे व चमचे पक्षी दाटीनें घरटीं बांधतात. आपल्या उजनीच्या जलाशयावर उतरणारा मोठा रोहित पक्षी तेथेंही चिखल चाळीत हिंडतो, जात तीच.

हा प्रदेश १९६९ सालीं राष्ट्रीय उद्यान झाला. कानांच्या टोकांवर केसांचे झुपके असलेलें लिंक्स नांवाचें मोठें रानमांजर ही येथील शोभा. त्याचें मुख्य भक्ष्य ससे. ते सांथींनीं मेले, तेव्हां तेंही उपाशी पडलें. २००२ सालीं स्पेन व पोर्तुगाल मिळून शंभरही लिंक्स उरले नव्हते. पुढें बंदिस्त जागीं त्यांची पैदास करण्याचा उद्योग आरंभिला, २००५ सालीं डोन्यानांत पहिलीं पिलें जन्मलीं, आणि आज दोन्ही देशांत मिळून त्यांची संख्या दोन हजारांवर गेली आहे. ह्या चिकाटीचें करावें तितकें कौतुक थोडेंच.

परंतु मांजर डोळ्यांस दिसतें, मोजतां येतें. जमिनीखालील पाण्याचें तसें नाहीं. वाळूंतील तळीं ह्याच पाण्यावर जगतात. शेजाऱ्यानें विहीर खोल केली कीं आपली आटते, हा अनुभव आपल्या खेड्यांतून कोणास नाहीं? डोन्यानाच्या सभोंवार स्ट्रॉबेरीच्या बागा पसरल्या आहेत व त्यांसाठीं परवान्यावांचून खोदलेल्या विहिरीही पुष्कळ आहेत. २०२२ सालच्या उन्हाळ्याअखेर सांता ओलाया हें तेथील सर्वांत मोठें बारमाही तळें कोरडें पडलें. पुढील वर्षींही तसेंच झालें. कित्येक सारा दोष अवर्षणास देतात. अवर्षण खरेंच, पण पाऊस कमी पडला त्या वर्षींही उपसा चालूच होता, तो कोणाच्या पदरीं घालावयाचा? भूजलाच्या उपशापासून डोन्यानाचें रक्षण करण्यांत स्पेन कमी पडला, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयानें २०२१ सालींच दिला होता.

तथापि शेतकऱ्यास खलपुरुष ठरवून मोकळें होणें आम्हांस मान्य नाहीं. त्या बागांवर अनेक कुटुंबें पोसलीं जातात. फळें खुडण्यास मोरोक्कोहून हजारों स्त्रिया दरसाल येतात. २०२३ सालीं स्पेनचें सरकार व अंदालुसियाचें प्रांतिक सरकार यांच्यांत करार झाला, त्यांत बागाईत सोडणाऱ्यांस मोबदला देण्याचें ठरलें. हें आम्हांस योग्यच वाटतें. मात्र चोरटी विहीर बुजविल्यावांचून तिच्या मालकास एक पैसाही मिळूं नये. नाहींतर आजवर नियम पाळून थोडक्या पाण्यांत शेती केलेल्या त्याच्या शेजाऱ्यावर दुहेरी अन्याय होईल.