रंग भरायचे राहिलेले नाहीत

"चित्र झकास आहे, आता रंग भरून टाका." वाशिमच्या बाजार समितीत वहीच्या पाठकोऱ्या पानावर शाईने काही काढत बसलो की हा सल्ला ठरलेला. देणारा प्रेमाने देतो, म्हणून वाद घालणं जिवावर येतं. आज घालतो.

शाईचं चित्र म्हणजे अर्धवट राहिलेलं चित्र, ही समजूत शाळेतली. माझ्या नुसत्या रेषांच्या स्मरणचित्रावर आमच्या सरांनी लाल पेनाने 'अपूर्ण' लिहिलं होतं. (तेही शाईनेच!) कारंज्याच्या जैन भांडारांतलं जुनं हस्तलिखित पाहताना अक्षर काळंच का, म्हणून कुणी हळहळत नाही, वळण पाहतो. मग चित्रातल्या रेषेचं वळण का पाहू नये? पुलंच्या पुस्तकांसाठी वसंत सरवट्यांनी काढलेली माणसं आठवा. खांद्याची रेघ जरा उतरती, की स्वभाव कळला. आणि शाई म्हणजे काटकसरच असंही नाही. मारिओ मिरांडांची गर्दी पान ओसंडून वाहते, तरी तिच्यातला एकही चेहरा उसना वाटत नाही.

"असं तर कुणीही काढेल." काढून पाहा. पेन्सिल चुकली तर रबर आहे. शाईची रेघ सुटली की सुटली. सोयाबीनच्या कट्ट्याला टेकलेल्या हमालाची पाठ मी चारदा बिघडवली. पाचव्यांदा लक्षात आलं, वाक पाठीत नाही, मानेत आहे.

"मोबाइलने फोटो काढा ना" हा आक्षेप मात्र निम्मा खरा. मापात मारलं तर पुराव्याला फोटोच लागेल, माझं चित्र कोण विचारतो! पण फोटोत काटा येतो, पावत्या येतात, मागच्या बॅनरवरचे हात जोडलेले पुढारी येतात. त्या सगळ्यात हमालाची पायातून निसटलेली चप्पल हरवते. मी पुढारी गाळले, चप्पल ठेवली. निवड ही कारागिरी नाही तर काय?

चित्र त्या हमालाला दाखवलं. रंगाबद्दल तो बोलला नाही. बराच वेळ पाहून म्हणाला, "माहा बिल्ला राह्यला ना भाऊ."

खरंच राहिला होता. छातीवर दोन रेघांत काढून दिला. मग नंबर विचारला, तो त्याने स्वतःच्या हाताने लिहिला, माझ्याच पेनाने.