चौकशी हवी, पण न्याय्य

शेवगाव तालुक्यातील एखाद्या सरपंचाविरुद्ध तक्रार-अर्ज गेला, की चावडीवर निकाल त्याच दिवशी लागतो. एक गट त्यास चोर ठरवितो, दुसरा हुतात्मा. कायद्याची वाट मात्र सावधपणाची आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम ३९ अन्वये गैरवर्तणुकीबद्दल सरपंचास दूर करण्याचा अधिकार विभागीय आयुक्तांचा, म्हणजे शेवगावपुरता नाशिकचा. तत्पूर्वी जिल्हा परिषदेच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने रीतसर नोटीस देऊन चौकशी करावी व संबंधितास बाजू मांडण्याची वाजवी संधी द्यावी, असे बंधन आहे.

हे बंधन म्हणजे भ्रष्टाचाऱ्यांची पळवाट, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. अनुभव निराळा आहे. उरणच्या नगराध्यक्षांना पदच्युत करण्याचा शासनाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केला. लोकनियुक्त प्रतिनिधीस काढल्याने त्या व्यक्तीला कलंक लागतो, तसेच मतदारही आपल्या प्रतिनिधीस मुकतात. म्हणून नैसर्गिक न्यायाची तत्त्वे काटेकोरपणे पाळली पाहिजेत, असे न्यायालयाने बजावले. तरीही जळगाव जिल्ह्यातील विचखेड्याच्या महिला सरपंचांना सरकारी जागेवरील घरात राहत असल्याच्या आरोपावरून अपात्र ठरविण्यात आले. त्यांना न्याय मिळाला तो २०२४ मध्ये, थेट सर्वोच्च न्यायालयात! दिल्लीपर्यंत जाण्याची ऐपत किती सरपंचांपाशी असते?

उलटपक्षी, आरोप खरे असतील तर हलगर्जी चौकशीचा लाभ दोषी माणसालाच होतो. नोटिशीत आरोप मोघम, कागदपत्रांच्या नकला दिलेल्या नाहीत, आदेशात कारणे नाहीत, एवढ्यावर तो अपिलात सुटतो आणि हारतुऱ्यांसह गावात परततो. ग्रामनिधीचा हिशेब मात्र कधीच लागत नाही.

म्हणून तक्रारीची व पुराव्याची प्रत संबंधितास आरंभीच मिळावी, चौकशी करणारा अधिकारी स्थानिक पुढाऱ्यांच्या दडपणापासून मुक्त असावा, आदेश सकारण असावा आणि तो ग्रामसभेत वाचला जावा. अहवाल व निर्णय यांसाठी कायद्याने प्रत्येकी एक महिन्याची मुदत घातली आहे; तिचेही पालन व्हावे, कारण निवडणुकीपर्यंत टांगती ठेवलेली चौकशी हे सत्ताधाऱ्यांच्या हातातील शस्त्रच ठरते. टिपणी लिहिणाऱ्या कारकुनापासून सही करणाऱ्या आयुक्तांपर्यंत प्रत्येकाने हे ध्यानी धरले, तर निर्दोषाची अब्रू वाचेल आणि दोषीला पळायला जागा उरणार नाही.