वेढ्यातले सुवर्णपदक

२५ डिसेंबर १८७०. पॅरिसमधील रू सेंत-ओनोरे या रस्त्यावरच्या ‘व्वाझँ’ या प्रतिष्ठित रेस्टॉरंटचे त्या दिवसाचे मेन्यूकार्ड इतिहासप्रेमींमध्ये वारंवार फिरत असते. हत्तीचे सूप, भाजलेला उंट, कांगारूचा रस्सा, लांडग्याची मांडी, आणि भोवती उंदीर मांडलेले मांजर. कार्डाच्या माथ्यावर छापले आहे : वेढ्याचा ९९वा दिवस. या चित्राखाली एक ठरलेली दाद असते : मरण दाराशी आले तरी पॅरिसने जगण्याची ऐट सोडली नाही!

ही दाद चुकीच्या ठिकाणी पडते. हे मेन्यूकार्ड उपाशी शहराचे नाही. उपाशी शहरात ज्यांना उपास घडला नाही, त्यांचे ते आहे. ते पॅरिसच्या जिद्दीचे प्रतीक म्हणून मिरवले जाते तेव्हा वेढ्याची खरी कहाणी झाकली जाते.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. सेदानच्या लढाईत तिसरा नेपोलियन शरण गेला, ४ सप्टेंबरला पॅरिसमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली आणि १९ सप्टेंबरला प्रशियन फौजांनी शहराचा वेढा पूर्ण केला. आत सुमारे वीस लाख माणसे. २८ जानेवारी १८७१ रोजी युद्धविराम होईपर्यंत रेल्वे बंद, रस्ते बंद. बातमी बाहेर जाई ती फुग्यांतून आणि आत येई ती कबुतरांच्या शेपटीच्या पिसांना बांधून.

आता ते मेन्यूकार्ड पुन्हा वाचावे, पण हत्ती-उंट वगळून. उरते काय? लोण्यात परतलेले वाटाणे. काळविटाच्या मांसात घातलेली ट्रफल. शेवटी ग्रुयेर चीज. सोबत १८४६ची मुताँ-रोथशिल्ड, १८५८ची रोमाने-काँती आणि १८२७ची पोर्ट. मद्याचा तुटवडा पॅरिसला वेढ्यात कधी पडला नाही, म्हणून मद्याचे सोडून देऊ. पण लोणी आणि चीज? सामान्य बाजारातून ते केव्हाच नाहीसे झाले होते. हत्ती पाहून माणूस चकित होतो आणि लोण्याकडे त्याचे लक्ष जात नाही. या कार्डावरचा खरा पुरावा मात्र लोणी हाच आहे.

हत्तीबद्दलही एक गोष्ट नोंदवायला हवी. कास्तोर आणि पोलुक्स ही हत्तींची प्रसिद्ध जोडी मारली गेली ती २९ आणि ३० डिसेंबरला. मेन्यूवरची तारीख आहे २५. ‘व्वाझँ’च्या सूपमध्ये कास्तोर होता, असे छातीठोकपणे लिहिणारे बहुतेक जण या चार दिवसांचा हिशेब करत नाहीत.

पैशांचा हिशेब त्याहून बोलका आहे. ओसमान बुलव्हारवरील ‘इंग्लिश बूचरी’च्या मालकाने ही जोडी २७,००० फ्रँकला विकत घेतली आणि सोंडेचे मांस पौंडाला ४० ते ४५ फ्रँक दराने विकले. त्याच वेळी तटावर पहारा देणाऱ्या नॅशनल गार्डच्या साध्या शिपायाला रोज दीड फ्रँक मिळत असे. कारखाने बंद पडल्यामुळे हजारो कामगार कुटुंबांचा तोच एकमेव आधार होता. म्हणजे पौंडभर सोंडेसाठी त्याला जवळपास महिनाभराचा पगार मोजावा लागला असता. प्राणिसंग्रहालय पॅरिसने खाल्ले, हे विधान शाळेच्या पुस्तकात शोभेल. ते खाल्ले एका लहानशा गिऱ्हाईकवर्गाने.

पण ‘व्वाझँ’चा आचारी शोराँ याला खलनायक ठरवणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. जे बाजारात मिळाले ते त्याने शिजवले. प्रश्न आहे तो बाजार तसा कोणी ठेवला याचा.

राष्ट्रीय संरक्षणाच्या सरकारने मांसाचे शिधावाटप ऑक्टोबरातच सुरू केले. माणशी रोजचे सुमारे १०० ग्रॅम मांस जानेवारीपर्यंत ३० ग्रॅमच्या आसपास आले, आणि तेही बहुतांशी घोड्याचे. मात्र शिध्याबाहेरच्या पदार्थांना बाजार मोकळा होता. ज्याच्या खिशात नाणे, त्याच्या ताटात अन्न. पावाचे शिधावाटप होणार नाही, अशी ग्वाही सरकारने डिसेंबरात दिली. पाव गरिबाचे मुख्य अन्न, म्हणून ही ग्वाही दयाळूपणाची वाटते. प्रत्यक्षात साठा संपत आला होता आणि १९ जानेवारीला, म्हणजे वेढा उठायला नऊ दिवस उरले असताना, प्रौढ माणसाला ३०० ग्रॅम पाव ठरवून देण्यात आला. त्या पावात तांदूळ आणि ओटही मिसळलेले असत. नगरप्रमुख जूल फेरी याला लोकांनी ‘फेरी-फामिन’ म्हणजे ‘दुष्काळी फेरी’ असे नाव ठेवले. पुढे फ्रान्समध्ये मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणणारा मंत्री तो हाच, हे जाता जाता सांगायला हवे.

पर्याय कोणाला सुचलाच नव्हता, असेही नाही. ६ जानेवारीच्या रात्री पॅरिसच्या भिंतींवर एक लाल भित्तिपत्रक लागले. ते लिहिणाऱ्यांत जूल व्हालेस आणि एदुआर व्हायाँ होते. त्यांच्या मागण्या तीन : सर्व अन्नसाठा ताब्यात घ्या, शिधा मोफत वाटा, सर्व शक्तीनिशी हल्ला करा. पहिल्या दोन मागण्या मान्य झाल्या असत्या, तर ‘व्वाझँ’चे लोणी रांगेत उभ्या असलेल्या बायकांपर्यंत पोचले असते, निदान त्याचा प्रयत्न तरी झाला असता. सरकारने या मागण्या मान्य केल्या नाहीत.

त्या रांगांविषयी फारसे लिहिलेले सापडत नाही. तो हिवाळा असा कडक होता की सेन नदीत बर्फाचे तुकडे वाहत होते आणि जळणासाठी रस्त्याकडेची झाडे तोडली जात होती. बायका पहाटेच्या अंधारात खाटकाच्या दारापुढे उभ्या राहत. जानेवारीत शहरातील मृत्यू आठवड्याला चार हजारांच्या पुढे गेले. ५ जानेवारीपासून प्रशियन तोफा शहरावर गोळे टाकत होत्या, पण त्यांनी मेलेल्यांची संख्या शंभराच्या आत होती. बाकीचे देवी, विषमज्वर, न्यूमोनिया, थंडी आणि निकस अन्नाने गेले. त्यांत तान्ही मुले पुष्कळ होती.

मग आपल्यापर्यंत उंदीर-मांजराच्या गमतीच का पोचल्या? कारण लिहिणारे जेवणाऱ्यांपैकी होते. एदमाँ द गाँकूरची रोजनिशी, लंडनच्या ‘डेली न्यूज’ला फुग्यातून पत्रे पाठवणारा श्रीमंत हेन्री लाबूशेर, प्राणिसंग्रहालयातून मांसाची भेट येत असलेला व्हिक्टर ह्युगो : वेढ्याची चव ज्यांच्या शब्दांत टिकली, त्यांना विचित्र मांस चाखण्याचे कुतूहल परवडत होते. पहाटेच्या रांगेतली बाई उरली ती शिधावाटपाच्या यादीत किंवा मृत्यूच्या नोंदवहीत. साधन कोणी निर्माण केले, हा इतिहासाच्या अभ्यासातला पहिला प्रश्न, आणि मेन्यूकार्ड दिसताच नेमका तोच विसरला जातो.

विनोद हाही प्रतिकारच असतो, असा एक आक्षेप येतो. तो खरा आहे. शाम आणि ओनोरे दोमिए यांची वेढ्यातली व्यंगचित्रे पाहिली की भुकेला हसण्याची ताकद म्हणजे काय ते कळते. पण व्यंगचित्र चौकातल्या सर्वांसाठी असते. मेन्यूकार्डाच्या शेवटी बिल येते.

तरीही कोणाला शंका असेल, तर त्याने दुसऱ्या एका रेस्टॉरंटची वस्तू पाहावी. हिचा पुरावा मेन्यूहून स्वच्छ आहे आणि ती क्वचितच कोणी दाखवते. ब्रेबाँ नावाच्या रेस्टॉरंटमालकाकडे विद्वानांची एक मंडळी दर पंधरवड्याला जेवायला जमे. अर्नेस्त रनाँ, गाँकूर, तेओफिल गोतिए, रसायनशास्त्रज्ञ मार्सेलँ बर्तेलो ही त्यातली काही नावे. वेढा उठल्यावर या मंडळींनी ब्रेबाँला एक सुवर्णपदक दिले. त्यावर कोरलेल्या मजकुराचा आशय असा : वीस लाख जीव वेढ्यात अडकलेल्या शहरात आपण जेवतो आहोत, याची जाणीव या मंडळींना एकदाही झाली नाही. आणि खाली स्वतःची नावे!

हा कोणा विरोधकाने केलेला आरोप नव्हे. आभार मानण्यासाठी त्यांनी स्वतःहून सोन्यात कोरून घेतलेली ही कबुली आहे. त्यांत दुष्ट कोणी नव्हते. बर्तेलो तर शहराच्या संरक्षणासाठी नेमलेल्या वैज्ञानिक समितीचा अध्यक्ष होता. म्हणूनच हे पदक अधिक बोचते. शहाणी, सुसंस्कृत, देशभक्त माणसे पंधरवड्यामागून पंधरवडा भरल्या ताटावर बसली आणि भूक जाणवली नाही याबद्दल त्यांना यजमानाचे कौतुक वाटले.

त्याच शहरात तिसरी एक जागा होती. तिचे नाव ‘ला मार्मित’, म्हणजे ‘पातेले’. १८६८ मध्ये पुस्तकबांधणी कामगार युजेन वार्लँ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली ही सहकारी खानावळ. सभासदांच्या वर्गणीवर चालणारी, नफा न घेणारी. वेढ्यापर्यंत तिच्या चार शाखा झाल्या आणि सभासद सुमारे आठ हजार. कारभार पाहणारी नाताली लमेल ही ब्रेस्तहून आलेली, पेशाने तीही पुस्तके बांधणारीच. वेढ्याच्या काळात या खानावळीने जमेल तेवढ्या गरिबांना जेवू घातले. तिथल्या जेवणाचे मेन्यूकार्ड कोणी छापले नाही. छापण्यासारखे त्यात होते तरी काय? रस्सा आणि पाव.

वेढा उठल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १८ मार्चला, पॅरिसमध्ये उठाव झाला आणि कम्यून स्थापन झाले. वार्लँ त्यात निवडून आला, लमेल महिलांच्या संघटनेत उतरली. कम्यून चिरडल्यावर २८ मे रोजी वार्लँला माँमार्त्र टेकडीवर नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. लमेलला हजारो मैलांवरच्या न्यू कॅलेडोनियात हद्दपार केले. ब्रेबाँकडची विद्वानांची भोजने त्यानंतरही कित्येक वर्षे चालू होती. गाँकूरच्या रोजनिशीत त्यांच्या नोंदी आहेत.